विश्वास आधी की साक्षात्कार आधी? (आजीला वचन वाचून दाखवताना पडलेला प्रश्न)

सदरचा_नातू · रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, दोन वर्षं इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबेल थोडा, सांभाळून घ्या.

माझी आजी ८३ वर्षांची आहे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. आयुष्यभर रोज रात्री शास्त्र, म्हणजे बायबल, वाचल्याशिवाय झोपली नाही, आता ते काम माझ्याकडे आलंय. मी दिवसभर मिहानला नोकरी करतो, घरी येईस्तोवर जीव गेलेला असतो, त्यामुळे खरं सांगायचं तर सात-आठ महिने मी ते वाचन उरकत होतो, तिच्यासाठी, माझ्यासाठी काही नव्हतं त्यात. रविवारी चर्चला जायचो ते पण आई म्हणते म्हणून.

हे मे महिन्यातलं आहे. नागपूरचा मे म्हणजे रात्री दहाला पण भिंतीला हात लावला तर चटका बसतो. आजीच्या खोलीत मोठा लोखंडी कूलर, त्याचा आवाज एवढा की शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नाही. ती रोज म्हणायची, "आधी तो बंद कर रे, मग वाच." म्हणजे २०-२५ मिनिटं त्या भट्टीत बसून वाचायचं, घाम पानावर टपकायचा, लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणारं पुस्तक) शेवटच्या पानांवर त्याचे डाग अजून आहेत.

त्या रात्री लूकचा २४वा अध्याय होता. येशूला पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसला चालले आहेत, साधारण ११ किलोमीटर, म्हणजे आपल्या सदरहून कामठीच्या बरंच अलीकडे. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत चालायला लागतो, तोच येशू असतो, पण त्यांना ओळखू येत नाही. मी वाचत होतो आणि आजीने मला थांबवलं.

"त्यांना ओळखू कधी आलं?"
म्हटलं, भाकर मोडली तेव्हा.
"आणि वाटेत?"
वाटेत नाही आलं. फक्त मन आतून पेटल्यासारखं झालं होतं असं ते नंतर म्हणतात.
"आणि गाव आलं तेव्हा तो काय करत होता?"

मी परत वर जाऊन वाचलं. गाव आलं तेव्हा तो पुढे चालला होता. त्यांनीच आग्रह केला, संध्याकाळ झाली, दिवस उतरला, आमच्याकडे थांबा.

आजी म्हणाली, "बघ. कोण आहे ते माहीत नव्हतं तरी जेवायला थांबवलं. नसतं थांबवलं तर तो गेला असता पुढे."

एवढं बोलून ती गप्प झाली आणि मी पण. कूलर बंदच होता. मला काही प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही, असलं काही सांगायचं नाहीये. पण त्या खोलीत दोन-तीन मिनिटं मला अगदी स्पष्ट जाणवलं की कोणीतरी मला ओळखतंय, आतपर्यंत, मी जे लपवतो ते सकट, आणि तरी निघून जात नाहीये. माझं मोठ्या भावाशी घराच्या वाटणीवरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. त्याचं नाव मनात आलं. कोणी सांगितलं नाही, नुसतं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन लावला.

तर प्रश्न असा. ख्रिस्ती श्रद्धेत ज्याला देवाचं प्रकट होणं म्हणतात ते हेच का? आणि आपण नेहमी ऐकतो की मनापासून विश्वास असेल तर देव प्रकट होतो, पण माझा तर विश्वास नव्हताच म्हणण्यासारखा. मग आधी काय येतं?

---

मोहननगरकर · रात्री ११:२०

बेटा, वाचून फार बरं वाटलं. मी कॅथलिक आहे, वय ६८, तेव्हा काका म्हण.

आधी एक फरक समजून घे कारण त्याच्यात लोकं घोळ करून राहिले आहेत. एक असतं ते सगळ्यांसाठीचं प्रकटीकरण, देवाने येशू ख्रिस्तामध्ये स्वतःला दाखवलं ते. ते पूर्ण झालं, त्यात भर पडणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (आमच्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा) १९६५ साली प्रकटीकरणावर दस्तऐवज काढला त्यात हे स्पष्ट आहे, शेवटी प्रभू गौरवाने येईपर्यंत नवीन सार्वजनिक प्रकटीकरणाची वाट पाहायची नाही. मग तुला त्या रात्री जे झालं ते काय? तर जे आधीच दिलेलं आहे ते तुझ्यापर्यंत पोचलं. नवीन काही सांगितलं गेलं नाही, जुनंच तुझ्या नावाने सांगितलं गेलं.

आणि आधी काय येतं म्हणशील तर मत्तय १६ काढ. येशू विचारतो मी कोण आहे असं तुम्ही म्हणता, त्याचा शिष्य पेत्र म्हणतो तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र. यावर येशू त्याला शाब्बास तू बरोबर ओळखलंस म्हणत नाही. म्हणतो, हे तुला मांस व रक्त यांनी नाही, माझ्या स्वर्गातल्या पित्याने प्रकट केलं. म्हणजे पेत्राचा विश्वास हीच देणगी होती. पण ती देणगी कोणाच्या हातात पडली, तर जो मासेमारीची जाळी सोडून मागे चालत आला होता त्याच्या. घरी बसून राहिलेल्याला तो प्रश्नच विचारला गेला नसता.

म्हणून मी असं म्हणतो की देव आधी येतो, पण आपण दार लावलेलं असेल तर तो बाहेर उभा राहतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, त्याचं नावच प्रकटीकरण, ३:२० मध्ये तेच आहे ना, मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे. तो दार तोडत नाही, आणि आत आल्यावर काय करणार म्हणतो, तर सोबत जेवणार! तुझ्या आजीने पकडलं ते बरोबर पकडलं.

---

विचारतो_म्हणून · रात्री ११:४७

धागा आवडला, आधीच सांगतो मी ख्रिस्ती नाही, आमचं घर बौद्ध, आजोबांनी १९५६ ला इथेच दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. आम्हाला लहानपणापासून शिकवलंय की परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतात म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा. तर त्या जागेवरून दोन प्रश्न विचारतो, कोणाला दुखवायचं नाहीये.

एक, दादा तुम्ही दिवसभर थकलेले, ४५ डिग्रीत बंद खोलीत, आजीबद्दल प्रेम, भावाबद्दल मनात आधीपासून टोचणी. एवढ्यातून मन स्वतःच असा अनुभव तयार करू शकत नाही का? कसं ओळखायचं?

दोन, पौलाबद्दल मी वाचलंय की तो तर ख्रिस्ती लोकांना पकडायला निघाला होता आणि रस्त्यात त्याला दर्शन झालं. त्याचा कुठे विश्वास होता? मग मनापासून विश्वास असेल तर देव प्रकट होतो हे विधानच चुकतं ना.

---

सदरचा_नातू · रात्री १२:१५

दोन्ही प्रश्न मला पण पडलेत दादा. दुसरं आधी घेतो, पहिल्याला उत्तर द्यायची माझी तयारी नाही अजून.

पौलाचं मी परत काढून वाचलं, प्रेषितांची कृत्ये अध्याय ९. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) रस्त्यावर प्रकाश पडतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्यानंतरचं आपण घाईत वाचतो. तो आंधळा होतो. त्याला हाताला धरून शहरात न्यावं लागतं. तीन दिवस काही दिसत नाही, तो खात नाही, पीत नाही, एका घरात बसून प्रार्थना करत राहतो. मग हनन्या नावाचा एक साधा शिष्य भीत भीत येतो, ज्याला पकडायला हा निघाला होता त्यांच्यातलाच एक, आणि पहिला शब्द म्हणतो "शौल भाऊ" (शौल म्हणजे पौलच). तेव्हा डोळ्यांवरचे खवले पडतात.

म्हणजे रस्त्यावर प्रकाश आला तो विश्वास नसताना आला, तुमचं बरोबर आहे, देवाला कोणी अडवू शकत नाही. पण त्या प्रकाशाने त्याला दिसणं बंद झालं! दिसायला लागलं ते तीन दिवसांनी, जेव्हा तो हात धरू द्यायला तयार झाला तेव्हा. मला वाटतं विश्वास तिथे आहे, त्या तीन दिवसांत.

आणि एक, पौल चुकीचा होता पण खोटा नव्हता. जे करत होता ते देवासाठी म्हणूनच करत होता. अशा माणसाला वळवता येत असावं.

---

बर्डीची_पुस्तकवाली · सकाळी ७:०५

नागपूरचा धागा आहे आणि कोणी रेव्हरंड टिळकांचं नाव काढलं नाही!

नारायण वामन टिळक नागपुरात राहिलेले, इथे आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचं काम करायचे. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. गप्पा निघाल्या, कवितेवर, मग धर्मावर, आणि उतरताना त्याने नवा करार हातात दिला आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भलतंच वाटलं, पण वाचीन असा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं. हे १८९३ च्या सुमाराचं. सुरुवातीला काही पकडेना, आणि मत्तयच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथून हलता येईना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला.

मला यात काय भिडतं सांगू, त्यांच्याकडे तेव्हा ख्रिस्तावर विश्वास नव्हता, होता तो फक्त दिलेला शब्द पाळायचा प्रामाणिकपणा. कंटाळा आला तरी पान उलटत राहिले. आणि ते रिकामे पण आले नव्हते, तुकाराम घेऊन आले होते, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं त्यांचंच म्हणणं आहे. लक्ष्मीबाईंना त्याच जागी पोचायला पुढे आणखी काही वर्षं लागली, त्या नवऱ्याच्या मागे म्हणून गेल्या नाहीत, स्वतः भांडून, रडून, आपल्या पायांनी गेल्या.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. बुद्धी अशी की संस्कृत पंडितांनी सरस्वती म्हटलं. तरी नंतर स्वतःच लिहितात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला सात-आठ वर्षं गेली. मधल्या काळात त्या काय करत होत्या? १८८९ ला शारदा सदन काढलं, विधवा मुलींना सांभाळत होत्या. आतून अजून कोरडं आहे म्हणून काम थांबवलं नाही.

योहान ७:१७ मला इथे आठवतं, ज्याला देवाच्या इच्छेप्रमाणे करायचं आहे त्याला ही शिकवण कुठून आली ते कळेल. करायची तयारी आधी, कळणं मागून. नातू, तुम्ही पण आठ महिने कूलर बंद करून वाचत होतात. कंटाळून का होईना, पण वाचत होतात.

---

नाईटड्यूटी · सकाळी ८:४०

ड्यूटीवरून येऊन वाचतेय, झोप लागत नाहीये म्हणून लिहिते.

मी नर्स आहे. मागच्या वर्षी माझा लहान भाऊ गेला, २६ वर्षांचा, किडनीचं होतं. ११ महिने मी प्रार्थना केली, उपास केले, वॉर्डात रात्री तीन वाजता औषधाच्या ट्रॉलीशी उभी राहून प्रार्थना केली. काहीच आलं नाही. शांती पण नाही. आणि तो गेल्यावर आमच्या प्रार्थना ग्रुपमधल्या एका बाईंनी मला सांगितलं की तुझा विश्वास कुठेतरी कमी पडला, नाहीतर देवाने दाखवलं असतं. मी त्या दिवसापासून त्या ग्रुपला गेले नाही.

तुम्ही सगळे चांगलं लिहिताय पण "मनापासून विश्वास असेल तर देव प्रकट होतो" हे वाक्य माझ्यासारखीने वाचलं की त्याचा उलटा अर्थच ऐकू येतो. मला नाही झाला प्रकट. मग मी काय समजू?

---

सदरचा_नातू · सकाळी ९:१०

ताई, माफ करा. मी ते वाक्य सहज लिहून गेलो, लिहिताना दुसऱ्या बाजूला कोण बसलंय याचा विचार नाही केला.

---

मोहननगरकर · सकाळी १०:३०

पोरी, त्या बाईंनी जे सांगितलं ते चूक होतं. मी हे मोघम म्हणून नाही राहिलो, शास्त्र हातात घेऊन म्हणतो.

बायबलमधला ईयोब, काही चूक नसताना सगळं गमावलेला माणूस. त्याचे मित्र हेच म्हणत होते, तुझ्यातच काहीतरी कमी आहे. शेवटी देव बोलतो तेव्हा त्या मित्रांवर रागावतो, तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत म्हणतो (४२:७). आणि ईयोब, जो पूर्ण वेळ ओरडत होता, देवाला जाब विचारत होता, त्याला म्हणतो हा बरोबर बोलला.

मार्क ९ मधला बाप बघ. आजारी मुलाला घेऊन आला, आणि म्हणतो काय, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." अर्धा विश्वास, अर्धा नाही, आणि येशूने त्याला परत पाठवलं नाही. किती ग्रॅम विश्वास हे मोजलंच नाही तिथे.

पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे" एवढंच मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणेल का?

आणि मदर टेरेसा. १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगला जाताना रेल्वेत त्यांना हाक आली, गरिबांतल्या गरिबांकडे जा. काम सुरू झालं, आणि काम सुरू झाल्यावर आतला दिवा विझला. देव जवळ आहे हे वाटणंच गेलं. २००७ मध्ये त्यांची पत्रं छापून आली तेव्हा जगाला कळलं की एखादा छोटा काळ सोडला तर जवळजवळ पन्नास वर्षं त्या असंच कोरडं राहून रोज सकाळी उठून मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जात होत्या आणि मग रस्त्यावर. चर्चने त्यांना संत म्हटलं ते पत्रं वाचून, न वाचता नाही.

मी पण बायको गेली तेव्हा दोन वर्षं चर्चच्या मागच्या बाकावर बसायचो आणि काहीच म्हणायचो नाही. कोणी येऊन शेजारी बसायचं, काही बोलायचं नाही. तेवढंच होतं.

---

कामठीवाला · दुपारी १:१५

मी जास्त शिकेल नाही, पण विचारतो भाऊच्या पहिल्या प्रश्नावर सांगतो, कारण तो राहून गेला.

माह्या ओळखीतल्या एकाले एका प्रचारकानं सांगतलं का देवानं मले रात्री दाखवलं, तू तुही मोटरसायकल विकून पैसे सेवेले दे. त्यानं विकली बाप्पा. पोरगं शाळेत पायी जाऊन राहिलं होतं. मग आमच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबाले कळलं, ते त्याच्या घरी गेले, पहिलं योहानाचं पत्र काढलं, चौथा अध्याय पहिलं वचन, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, ते देवापासून आहेत का पारखा. म्हणाले देवाचं असन तर पारखल्यानं मोडत नाही.

तवापासून मी तीन गोष्टी पायतो. येशूनं जे सांगतलं त्याच्या उलट जाते का. दुसऱ्या विश्वासू माणसापाशी उजेडात सांगता येते का, का लपवा लागते. आन त्याच्यानं कोणाचा फायदा होते, बोलणाऱ्याचा का दुसऱ्याचा. नातूभाऊनं दुसऱ्या दिवशी भावाले फोन लावला. त्याच्यात त्याचा काय फायदा होता, उलट मान खाली घालाच लागली असन.

---

बर्डीची_पुस्तकवाली · दुपारी २:००

अगदी. बिरुया गावाचे लोक आठवले, कृत्ये १७. पौल स्वतः येऊन बोलतोय तरी ते रोज शास्त्र काढून तपासत होते की हा म्हणतो तसं आहे का, आणि त्यांना लूकने संशयी नाही म्हटलं, थोर मनाचे म्हटलं. विचारतो दादा, तुम्ही म्हणता ते तपासून बघणं आमच्याकडे बाहेरचं नाहीये. शंका घेणाऱ्या शिष्य थोमाला पण येशूने जखमांना बोट लावू दिलं.

---

विचारतो_म्हणून · संध्याकाळी ६:२५

हे मला माहीत नव्हतं, मनापासून सांगतो. मला वाटायचं विश्वास म्हणजे प्रश्न बंद. मन अनुभव तयार करू शकतं ही शंका माझी गेली नाही, पण कामठीवाल्या भाऊंनी जी पारख सांगितली ती मला प्रामाणिक वाटली, अनुभव कसा वाटला यापेक्षा त्याने काय केलं हे बघायचं. नातू दादा, भावाचं काय झालं पुढे?

---

सदरचा_नातू · रात्री १०:३५

भाऊ पहिल्या फोनला काहीच बोलला नाही, ऐकून ठेवून दिला. मी परत दर रविवारी लावत राहिलो. जुलैमध्ये पाऊस धो धो होता त्या दिवशी तो स्वतः आला, आजीजवळ बसला, माझ्याशी फक्त चहाचं विचारलं. वाटणीचं अजून सुटलेलं नाही. पण येतो आता.

आत्ता आजीला हा पूर्ण धागा वाचून दाखवला, वचनाच्या आधी. नाईटड्यूटी ताई, तुमची पोस्ट ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते दोघं अम्माऊसला जात होते ते पण हरून घरीच चालले होते ना. आम्हाला आशा होती, असं म्हणाले. होती. आणि तो त्यांच्याच सोबत चालत होता, त्यांना कळलं नाही तरी." आणि तुमचं नाव विचारलं, प्रार्थनेत घ्यायला. मी म्हटलं मला माहीत नाही.

---

नाईटड्यूटी · रात्री ११:५०

ब्रेकमध्ये वाचलं. रडले ट्रॉलीशी उभी राहून, परत त्याच जागी.

नाव नको सांगायला इथे. नाईटड्यूटी म्हणूनच घ्या म्हणावं, कळेल त्याला. आणि भावासाठी पण घ्या.

---

विचारतो_म्हणून · रात्री १२:०४

मी एकदा स्वतः वाचून बघणार आहे, कोणी म्हणतं म्हणून नाही. कुठून सुरू करू? जाड पुस्तक आहे, घरी नाहीये, विकत घ्यावं लागेल.

---

सदरचा_नातू · रात्री १२:११

मार्कपासून करा, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं आहे, १६ अध्याय. विकत कशाला घेता, सदरला या एखाद्या संध्याकाळी. आजीचं मोठ्या अक्षरांचं आहे ते तिच्या उशाशी नुसतं पडून असतं, मी माझ्यातून वाचतो. ती म्हणतेय घेऊन जा म्हणावं, पण जेवूनच जा.